थांबा सर आणि मुंबईचा फोन

ज्या माणसाला स्वतःला एका जागी उभं राहवत नसे, त्यानं आम्हाला वर्षभर थांबायला शिकवलं. वर्गात आले की टेबलाला एक वळसा, मग खिडकी, तिथून मागच्या बाकापर्यंत, परत फळ्याकडे. खुर्चीवर बसलेले सर आमच्यापैकी कुणी पाहिले नव्हते. चहासुद्धा ते चालता चालता प्यायचे आणि चहा जिथे संपेल तिथे कप ठेवून द्यायचे. स्टुडिओच्या खिडकीत, जिन्याच्या कठड्यावर, एकदा तर प्राचार्यांच्या स्कूटरच्या सीटवर. कॉलेजचे शिपाई शिंदेमामा दुपारी ट्रे घेऊन निघायचे आणि जाता जाता आम्हाला सांगायचे, "चला, सरांची कणसं खुडून येतो."

आणि हाच माणूस आम्ही कॅमेरा हातात घेतला की ओरडायचा, "थांबा!" कॅमेरा बंद करायला गेलं की थांबा. बोलणाऱ्याच्या मध्ये तोंड घातलं की थांबा. रील टाकायला अंगठा उचलला की थांबा. पहिल्याच महिन्यात त्यांचं नाव पडलं थांबा सर. त्यांना ते कळलं तेव्हा म्हणाले, "बरं हाय. आडनावापरीस सोपं हाय."

सर इंदापूरचे. मुंबईत एका बातम्यांच्या चॅनेलला बरीच वर्षं कॅमेरामन होते. चॅनेलनं माणसं कमी केली, त्यात सर घरी आले. बायको इंदापूरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, घर चाललं होतं. पण हा गडी घरात बसणार कसा? बारामतीतल्या आमच्या कॉलेजात डिजिटल मीडियाचा कोर्स नुकता सुरू झाला होता, तिथे ते शिकवायला यायला लागले. इंदापूरहून एसटीनं यायचे. एसटीत बसून राहणं ही त्यांना शिक्षाच. गाडी बारामतीत शिरून गर्दीत अडकली की ते मध्येच उतरायचे आणि चालत सुटायचे. पुष्कळदा गाडीच्या आधी स्टँडवर पोचायचे, आणि मग तिथेच येरझाऱ्या घालत त्याच गाडीतून उतरणाऱ्या लोकांकडे विजयी मुद्रेनं बघायचे.

त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. खांद्यावर कॅमेरा वागवून वागवून तो तसा झालेला. त्यामुळे ते चालताना कायम कुठल्यातरी दाराकडे वळत आहेत असं वाटायचं.

नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, की ठेवायची नव्हती कोण जाणे. आम्हाला ते गावाच्या नावानं हाक मारत. "ए सणसर, लाइट धर." "निरवांगी, बॅटरी कुठं हाय?" मी वालचंदनगर. आमच्या वर्गात तीन शेख होत्या, त्यामुळे मला तरी ते सोयीचं वाटायचं. पण बारामतीची पाच-सहा पोरं होती, त्यांची पंचाईत व्हायची. 'बारामती' अशी हाक आली की सगळीच उठायची.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला सरळ सांगून टाकलं होतं. "मी हितं पाव्हणा हाय. मुंबईत आमची जुनी माणसं नवीन चॅनेल काढायलीत. त्यांचा फोन आला की मी जाणार. कधी येईल मला म्हाईत न्हाय. तवर माझ्याकडनं काय काढून घ्यायचं ते घ्या." झालं. इतर तासांना निम्मा वर्ग कँटीनमध्ये असायचा. सरांच्या तासाला मात्र ताप असलेली पोरंही रुमाल बांधून हजर. प्रत्येक तास शेवटचा असू शकतो म्हटल्यावर कोण चुकवणार?

तसे आमच्याकडे तज्ज्ञ खूप येऊन गेले. पुण्याहून एक गृहस्थ आले, त्यांनी 'कंटेंट'वर व्याख्यान दिलं, त्यात प्रत्येक स्लाइडवर बाण होते आणि सगळे बाण वर चाललेले. ड्रोनवर लग्नं शूट करणारे एक दादा आले, त्यांनी नवरदेव आकाशातून कसा दाखवायचा ते शिकवलं. रेडिओवाल्या एक ताई आल्या, त्या फार गोड बोलल्या आणि गेल्या. सगळ्यांनी आम्हाला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली, की पटकन करा, लोकांना वेळ नाही. आम्हाला ते पटायचं. आमचा अख्खा वर्गच गुडघ्याला बाशिंग बांधून आलेला. त्यातल्या त्यात मी जरा जास्तच. मला शिकायचं कमी आणि पोचायचं जास्त होतं.

मला सरांनी धडा शिकवला तो स्टँडवर. पहिलं काम होतं, कुणाशी तरी बोलून या. मी पेरू विकणाऱ्या एका मावशींना गाठलं. "मावशी, धंदा कसा चाललाय?" विचारलं. "चाललाय बरा," म्हणाल्या. मी "थँक यू मावशी" म्हणून कॅमेरा खाली. वर्गात सरांनी ते पडद्यावर लावलं आणि माझ्या 'थँक यू'वर नेमकं थांबवलं. मावशींचं तोंड अर्धवट उघडं होतं. काहीतरी बोलायला निघाल्या होत्या.

"काय बोलणार हुती ही बाई?" सरांनी विचारलं. "जा, विचारून ये."

मी खरंच गेले. मावशींच्या भोवती गिऱ्हाईक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता काय आठवतंय बाई? तवा इचारायचं हुतं." परत येऊन मी तसं सांगितलं. मला वाटलं, सर हसतील, निदान ओरडतील. ते नुसते खिडकीपर्यंत जाऊन आले. म्हणाले, "माणूस पहिलं बोलतो ना, ती ओसरी असती. घर आत असतंय. तुमी समदी ओसरीवरनंच पाणी पिऊन माघारी येताय." त्या दिवसापासून कुणाचं उत्तर संपलं तरी मी कॅमेरा तसाच धरून उभी राहायला शिकले. फार अवघड असतं ते. समोरचा माणूस गप्प, आपण गप्प, आणि हात भरून आलेले.

सरांचा स्वतःचा फोन मात्र कधीच बंद नसायचा. आमचे फोन ते तासाआधी एका खोक्यात टाकायला लावायचे, त्यांचा खिशात. तो वाजला की खडू टाकून बाहेर व्हरांड्यात. आम्ही कान लावायचो. फोन कुणाचा ते ओळखायची खूण आम्हाला सापडली होती. घरचा, गावचा, इंदापूरच्या मित्राचा असला की सर आमच्याशी बोलतात तसेच बोलायचे, "हाय की हितंच, काय न्हाय, चाललंय." मुंबईचा असला की एकदम भाषा कपडे बदलून यायची. "हो, आहे. बोला ना." व्हरांड्यातून 'आहे' ऐकू आलं की सगळ्या वह्या मिटायच्या. सर आत यायचे, आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघायचो. "अजून न्हाय," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा खडू उचलायचे. त्यांचं तोंड पडलेलं असायचं आणि आमचं खुललेलं. याची आम्हाला लाज वाटायला हवी होती, पण वाटत नव्हती.

त्या 'आहे'ची सगळ्यात जास्त धास्ती मला होती, कारण माझं शिक्षण त्या फोनला टांगलेलं होतं.

त्याचं असं झालं. माझे अब्बा वालचंदनगरच्या बाजारात शिलाईचं दुकान चालवतात. गावातल्या कंपनीच्या कामगारांचे खाकी कपडे आमच्या घरात माझ्या आजोबांपासून शिवले जातात. बारावी सायन्सला मला बरे मार्क होते आणि इंदापूरला आमच्या चुलतभावाचं मेडिकलचं दुकान आहे. डी. फार्मसी करावी, त्याच्या दुकानात बसावं, पंख्याखाली पांढरा कोट घालावा, हे अब्बांचं माझ्याबद्दलचं स्वप्न. मी हट्टानं मीडियाला गेले. कॉलेजच्या आत होते तोवर त्यांनी चालवून घेतलं. मी बाहेर शूटिंगला जाते हे कळल्यावर मात्र त्यांनी कैची खाली ठेवली. "रस्त्यावर कॅमेरा घेऊन पोरगी फिरणार? बास झालं."

हे मी सरांना रडत सांगितलं, आणि पुढच्याच रविवारी सर आमच्या दुकानात हजर. नमस्कार झाला, आणि सर दुकानात फिरायला लागले. आमचं दुकान ते केवढं; दोन पावलं टाकली की भिंत. अब्बा बघत राहिले. मग म्हणाले, "सर, बसा की. नवरदेवाच्या बापावाणी काय फिरताय?"

"चाचा, मला बसवत न्हाय."

अब्बांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुमचा उजवा खांदा उतरलाय. शर्ट ह्या बाजूला चुरगळतोय बघा. कुठं शिवता?"

"तयार घेतो."

"तयार कसा बसंल?" असं म्हणत अब्बांनी टेप काढली आणि त्यांचं माप घ्यायला लागले. माप चालू असताना तरी सरांना हलता येईना. मला वाटतं, त्यांच्याशी निवांत बोलता यावं म्हणूनच अब्बांनी ती युक्ती केली. माप घेता घेता विचारलं, "पोरीची जिम्मेदारी तुमची?"

"मी हाय तवर माझी."

"आन किती दिवस हाय तुमी?"

मी डोळ्यांनी सरांना खुणावत होते, की सांगा काहीतरी, म्हणा वर्षभर, म्हणा दोन वर्षं. सर म्हणाले, "ते मलाच म्हाईत न्हाय चाचा. मुंबईचा फोन आला तर जाईन मी."

अब्बांना ते खरं बोलणं आवडलं असावं. टेप गळ्यात टाकून म्हणाले, "मग ठरलं. तुमी हाय तवर ती येईल. तुमी गेला की ती डी. फार्मसीला. मला कोण दुसरं म्हाईत न्हाय तितं." सर "बरं" म्हणाले. मला त्या 'बरं'चा इतका राग आला की मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायलाही गेले नाही. पुढे अब्बांनी एक शर्ट शिवून धाडला. त्याचा उजवा खांदा आतून असा काही भरला होता की सर पहिल्यांदा सरळ दिसले. ते तो वरचेवर घालायला लागले.

सरांच्या शिकवण्यात पुस्तक नव्हतं. काही घडलं की त्याचाच तास व्हायचा. सणसरचा किस्सा तसाच. सणसर म्हणजे आमच्या वर्गातला सगळ्यात चपळ अंगठा. गावाच्या नावाचं त्याचं एक पेज होतं आणि गावचे नोकरीसाठी बाहेर गेलेले सगळे ते बघायचे. हंगाम सुरू झाला, जवळच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटवण्याचा कार्यक्रम झाला, आणि या गड्यानं धुराड्यातून निघणाऱ्या धुराचं रील टाकलं. वर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं, 'कारखाना पेटला!' आता आमच्याकडे कुणालाही विचारा, कारखाना पेटला म्हणजे गाळप सुरू झालं, उसाला तोडी येणार, आनंदीआनंद. त्यात त्याचं काय चुकलं?

पण ते रील पुण्यात एका बाईनं पाहिलं. तिचा भाऊ त्याच कारखान्यात बॉयलरवर. तिनं भावाला फोन लावला, तो कामावर, फोन कपाटात. पुन्हा लावला, पुन्हा नाही. तिला धूर दिसत होता, लाल अक्षरं दिसत होती आणि भाऊ फोन उचलत नव्हता. ती मिळेल त्या गाडीत बसून निघाली. सणसर गावात भावाच्या दारात पोचली तर भाऊ आंघोळ करून भाकरी खात बसलेला.

ही बातमी कॉलेजात आली तेव्हा सगळे हसले. सरही हसले. मग एकदम म्हणाले, "चला." निरवांगीकडे त्याच्या मामांची गाडी होती, तीत आम्ही दाटीवाटीनं बसलो. कॅमेरा घ्यायला गेलेल्याला सरांनी तो ठेवायला लावला.

ती ताई अजून भावाकडेच होती. सणसरनं रील केव्हाच काढून टाकलं होतं. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, चुकलं. पण आपल्याकडं असंच म्हणत्यात की, कारखाना पेटला."

"म्हणत्यात रं," ताई म्हणाली. "मी काय परमुलखातली हाय? पण म्हणणाऱ्याचं तोंड दिसतंय ना आपल्याला. हसतोय का रडतोय ते कळतंय. तुझ्या त्या अक्षरांस्नी तोंड कुठं हाय? भिगवणपातूर रडत आले मी."

सणसरला रडू फुटलं. मग ताईच घाबरली आणि चहा ठेवायला उठली. सर चहा घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होते, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आम्ही दारातून बघत होतो. "हो, आहे," ऐकू आलं. मग म्हणाले, "आत्ता नको. नंतर लावतो." फोन खिशात. परतीच्या वाटेवर मी दिवस मोजत होते, कारण तो 'नंतर' आता फार लांब नव्हता. दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही, शिकवलं नाही, आम्ही तोवर टाकलेलं एकेक रील आवाज बंद करून दाखवलं आणि प्रत्येकाला विचारलं, "ह्याला तोंड हाय का?"

वर्षाच्या शेवटच्या सत्रात प्रत्येकानं एक छोटी फिल्म करायची होती. मी अब्बांवर करायचं ठरवलं. अब्बा म्हणाले, "माझ्यात काय बघायचंय?" पण आतून खूष होते, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. सर स्वतः कॅमेरा घेऊन आले. आमचे फोन त्यांनी बटणांच्या डब्यात टाकायला लावले.

मी विचारलं, "अब्बा, हे काम तुम्हाला आवडतं का?"

कॅमेऱ्यासमोर अब्बांची भाषा एकदम पुस्तकातली झाली. "मी शिलाईकाम करतो. माझे माझ्या कामावर प्रेम आहे. ग्राहक हा देव आहे." सर कॅमेऱ्यामागे गालात हसत होते. मी काही बोलले नाही. थांबले. अब्बांनी खडू उचलला, ठेवला. बाहेर कुणीतरी सायकल लावली, तिच्या कुलपाची कडी वाजली. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. त्यांचा चेहरा सैल झाला. "खरं सांगायचं तर, बेटा..." ते म्हणाले.

आणि सरांचा फोन वाजला.

सर जागच्या जागी गोठले. वाजू द्यावा की उचलावा, ते कळेना. अब्बाच म्हणाले, "घ्या सर, घ्या. पोटाचा फोन असंल." सर बाहेर गेले. "हो. हो, बोलतोय. हो, आहे ना." गल्लीत या टोकाकडून त्या टोकाकडे ते चालत होते; आम्हाला दारातून ते एकदा दिसायचे, मग नाही, मग पुन्हा दिसायचे. मी अब्बांना विचारलं, "काय सांगत होतात?" अब्बा म्हणाले, "कुठं काय?" आणि खडू कानावर ठेवला.

सर दारात येऊन उभे राहिले. "पंधरा दिवसांनी हजर व्हायला सांगितलंय," म्हणाले. आणि माझ्याकडे बघून, "माझ्यामुळं गेलं तुझं ते वाक्य." मला संताप आला होता. वर्षभर आम्हाला फोन खोक्यात टाकायला लावणाऱ्या माणसाचा फोन माझ्या बापाच्या तोंडातला घास काढून घेऊन गेला होता, आणि वर तो माणूसही निघाला होता. पुढे फिल्ममध्ये ती रिंग मी तशीच ठेवली. परीक्षकांनी विचारलं, चूक राहून गेली का? मी म्हटलं, नाही, तिथे तेच झालं होतं.

पुढचा आठवडा वाईट गेला. सर जाणार की नाही, ते बोलेनात. शिकवताना मध्येच अडायचे, एकच गोष्ट दोनदा सांगायचे. घरी इंदापूरच्या चुलतभावाचा फोन आला, अब्बा त्याला फार्मसीच्या प्रवेशाचं विचारत होते ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. जेवण गेलं नाही. रविवारी मला घरात बसवेना म्हणून मी मावशीकडे लासुर्ण्याला जाऊन बसले, तिथेही मन लागलं नाही.

निरवांगीनं एका सकाळी फळ्यावर लिहून ठेवलं, 'थांबा, सर.' मधला स्वल्पविराम त्यानं चांगला ठसठशीत काढला होता. सर आले, वाचलं, डस्टर हातात घेतलं. त्यांनी स्वल्पविरामावर बोट ठेवलं, म्हणाले, "हे शिकलात म्हंजे माझं काम झालं," आणि पुसलं काहीच नाही. बाजूच्या उरलेल्या जागेत दिव्यांची आकृती काढायला लागले. तेव्हाच मला कळलं की ते जाणार.

जायच्या दिवशी आम्ही सगळे स्टँडवर गेलो. सरांनी अब्बांनी शिवलेला शर्ट घातला होता. भाषण वगैरे काही नाही. सणसरला म्हणाले, "अंगठा जपून." मला म्हणाले, "फिल्म पुरी कर आन पाठव. चिरफाड करीन." मी मान हलवली. पुरी करायला मला कोण ठेवणार होतं, हे त्यांना ठाऊक असून ते असं बोलत होते, याचं मला फार वाईट वाटलं. इंदापूरची गाडी लागली, ड्रायव्हर चहाला गेला. सर आत बसले, उतरले, गाडीभोवती फेऱ्या मारायला लागले, पुन्हा चढले, पुन्हा उतरले. आणि ते पलीकडच्या बाजूला असताना ड्रायव्हर आला आणि त्यानं गाडी काढली! सर पिशवी सांभाळत गाडीमागे धावले, कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली, सर चढले, आम्ही पोट धरून हसलो. गाडी वळली तशी मी रडायला लागले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. मला इतकं कुणी शिकवलं नव्हतं, आणि इतकं अर्ध्यावर कुणी सोडलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तयार झालेच नाही. सकाळी दुकानात जाऊन बसले आणि बटणांची काजं करायला घेतली. अब्बा पॅन्ट बेतत होते.

"एसटी गेली की गं तुझी," ते मान वर न करता म्हणाले.

"सर गेले, अब्बा."

"म्हाईत हाय. मीच धाडलं त्यांना."

मला कळेना. अब्बांनी कैची खाली ठेवली. "तू लासुर्ण्याला गेलतीस ना, त्या दिवशी आलते ते. त्या स्टुलावर बसले."

"बसले?"

"व्हय, बसले. लई वेळ. काय बोलंनात. मी मशीन चालू ठेवली. म्हणलं, बोलतील तवा बोलतील. मग म्हणाले, चाचा, भ्या वाटतंया. तितं समदी कवळी पोरं हायत, मोबाईलवर काम करत्यात, माझ्या वयाचं कोण न्हाय. हितं पोरं सर म्हणत्यात, तितं मला कोण इचारंल? आन म्हणाले, मी गेलो की तुमच्या पोरीचं अडंल, त्याचं काय करू?"

"मग?"

"मग काय? त्यांच्या डोळ्यात दिसत हुतं जायचं हाय म्हणून. भ्या वाटतंय म्हणून माणूस घरी बसायला लागला तर कसं हुयाचं? म्हणलं, जावा. बिनघोर जावा." अब्बांनी माझ्या हातातला शर्ट काढून घेतला आणि मी केलेलं वाकडं काज उसवायला लागले. "परक्या माणसाला जावा म्हणलं, आता घरच्या पोरीला कुठल्या तोंडानं अडवू? ऊठ. मागनं दुसरी गाडी हाय."